कारण: लोकसमज

माझं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. सकाळी दहाला मी संगमनेरच्या आरोग्य दुवाकेंद्रात जाऊन एका भिंतीएवढ्या पडद्यासमोर बसते आणि संध्याकाळी पाचला उठते. मधल्या वेळात यंत्र मला विचारत राहतं, हे आणि ते एकमेकांशी जोडलेलं आहे का? मी म्हणते, आहे. किंवा म्हणते, नाही. दिवसाला साधारण चारशे वेळा. अकरा वर्षं झाली. चष्म्याचा नंबर तीनदा वाढला, मान डावीकडे कायमची आखडली, आणि घरी कुणी 'चहा ठेवू का?' असं विचारलं तरी उत्तर द्यायचं जिवावर येतं.

या प्रणालीचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. आम्ही तिला वेल म्हणतो. दवाखान्यांचे कागद, ग्रामपंचायतींच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुनी वर्तमानपत्रं, शाळांचे दाखले, कुणी हौसेनं गोळा केलेल्या ओव्या आणि गावगप्पासुद्धा, जिल्ह्यात जे म्हणून कुठे लिहिलेलं आहे ते सगळं वेलीनं वाचलंय. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीची ती पडद्यावर एक गाठ मारते आणि दोन गाठींचा संबंध दिसला की मध्ये दोरी ओढते. डॉक्टरनं 'खोकला' या गाठीवर बोट ठेवलं की भोवती दोऱ्या उलगडतात: विडी, क्षय, दगडखाण, अमुक गाव, तमुक घराणं. हव्या त्या दोरीवरून चालत जायचं. जिच्यावरून माणसं जास्त जातात ती दोरी जाड होते, जिच्यावरून कुणी जात नाही ती झिजते. शंभर पुस्तकं चाळून जे हाती लागलं नसतं ते दोन मिनिटांत डोळ्यांसमोर येतं. डोळ्यांसमोर आलं की माणसाला ते पटतंही, हा त्यातला धोका.

कारण यंत्राला सगळंच सगळ्याशी जोडावंसं वाटतं. एका गावच्या नोंदीत 'निम्म्या शाळेचे डोळे आले' असं होतं, तर ते वेलीनं बसच्या वेळापत्रकाला जोडलं होतं. 'गावात देवी आल्या' ही जुनी नोंद तिनं जत्रेला बांधून ठेवली होती. ती दोरी मी तोडली आणि देवीच्या रोगाला जोडली. देवी हे रोगाचंही नाव आहे, हे यंत्राला कुठून कळणार? अशा वेळी मला जरा बरं वाटायचं, की चला, अजून माणूस लागतं. दोरी तोडली की खाली माझं नाव आणि कारण नोंदवावं लागतं. कारणांची यादी तयारच असते: 'शब्दाची चूक', 'वेगळा माणूस', 'लोकसमज', असं काहीबाही.

गेल्या मंगळवारी दुपारी डॉक्टर अत्तार माझ्या टेबलापाशी आले. ते आमचे प्रमुख. स्वभावानं इतके मऊ, की रागवायचं असलं तरी आधी 'जेवण झालं का?' असं विचारतात.

"जेवण झालं का, वृंदाताई?"

"झालं. रागवायचंय का?"

"नाही हो. एक घराणं बघायचंय."

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका तलावात सोळा वर्षांचा मुलगा बुडाला होता. तेजस दहिवाळ. जिल्ह्याकडून खेळलेला, पोहण्यात बक्षिसं मिळवलेला. शिबिराच्या फॉर्मसाठी त्याचा कार्डिओग्राम काढला होता, तो कुणी नीट बघितलाच नव्हता. मागच्या महिन्यात वेलीनं जुने कार्डिओग्राम पुन्हा वाचायला घेतले, तेव्हा तिला त्यात काहीतरी दिसलं.

डॉक्टरांनी माझ्या वहीवर पेन्सिलीनं हृदयाच्या ठोक्याची रेघ काढली. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी विजेची जुळवाजुळव करावी लागते. काही घराण्यांत एक बारीक दोष वारशानं येतो आणि ही जुळवाजुळव सेकंदाच्या काही शतांशांनी लांबते. एरवी काही बिघडत नाही. माणूस खातो, पितो, लग्न करतो, म्हातारा होतो. पण जोराचे श्रम झाले, आणि त्यातही पोहताना, की कधीकधी पुढचा ठोका चुकीच्या क्षणी पडतो आणि हृदयाचा ताल सुटतो. माणूस बेशुद्ध पडतो. जमिनीवर पडला तर बहुतेक वेळा उठतो. पाण्यात असला तर बुडतो, आणि कागदावर लिहिलं जातं, 'बुडून मृत्यू'. आईला किंवा वडलांना दोष असेल तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. रोजची एक स्वस्त गोळी घेतली आणि पाण्यापासून लांब राहिलं, तर अशी बहुतेक माणसं सुखानं जगतात.

"आता हे बघा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तेजसच्या गाठीवर बोट ठेवलं.

दोरी त्याच्या आजोबांकडून पणजोबांकडे, शंकर दहिवाळांकडे गेली. मुळेच्या काठचं निंबदरी गाव. शंकररावांच्या गाठीतून फांद्या फुटल्या. मुलगा रंगनाथ, सतरा वर्षं, डोहात बुडून, १९६९. मुलगा अशोक, एकोणीस वर्षं, डोहात बुडून, १९७६. नात सुरेखा, चौदा वर्षं, विहिरीत बुडून, १९९४. आणि हा तेजस, सोळा वर्षं, तलावात बुडून, २०३८. सुरेखाच्या नोंदीत कुठल्याशा हवालदारानं लिहून ठेवलं होतं, 'मयत हिस उत्तम पोहता येत होते.'

"पट्टीचा पोहणारा बुडाला की सगळे पाण्याकडे बघतात," डॉक्टर म्हणाले. "आपण माणसाकडे बघायला हवं होतं."

"पण हे वेलीला आधी कसं दिसलं नाही? सगळं तर इथेच होतं."

 डॉक्टरांनी निंबदरीच्या डोहावर बोट ठेवलं. डोहातून एक करडी, तुटलेली दोरी तेजसच्या आधीच्या तीन मृत्यूंकडे निघाली होती आणि अर्ध्यावर थांबली होती. मी ती उघडली. निंबदरीच्या एका शिक्षकानं गावच्या गोष्टी लिहून ठेवल्या होत्या, त्यातलं एक वाक्य होतं: 'दहिवाळांच्या घराला आसरा लागतात, त्यांचं माणूस डोहात उतरलं की आसरा ओढून नेतात.' आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडे प्रत्येक डोहाकाठी शेंदूर फासलेले त्यांचे सात दगड असतात. वेलीनं हे वाक्य वाचून सात वर्षांपूर्वी विचारलं होतं: 'आसरा लागणे' हे या घराण्यात वारशाने येते का?

खाली उत्तर होतं. 'तोडली. तपासनीस: वृंदा मैड. कारण: लोकसमज.'

मला ती दोरी आठवतसुद्धा नव्हती. त्या दिवशीच्या चारशेतली एक असणार. कदाचित जेवणाआधीची, कदाचित मान दुखत होती तेव्हाची. कॉलेजात असताना मी गावोगाव शिबिरं घेतली होती, अंगात येणाऱ्या बायांशी वाद घातले होते. 'आसरा' हा शब्द दिसल्यावर माझं बोट गाव-आडनाव वाचायला, विचार करायला थांबलंच नसणार. देवी हे रोगाचं नाव असू शकतं हे मला कळलं होतं. आसरा हेही असू शकतं, हे मनाला शिवलं नव्हतं.

"ही दोरी असती तर तो मुलगा..." मी म्हणाले.

"तसं सांगता येत नाही, ताई."

"सांगता येतं. तुम्ही चांगले आहात म्हणून सांगत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते कामाकडे वळले. शंकररावांच्या गाठीपासून आणखी एक दोरी निघून नुसतीच लोंबत होती. मुलगी, धोंडाबाई, जन्म १९५८. १९७८ पर्यंत वडलांच्या रेशनकार्डावर नाव, पुढे काही नाही.

"हिची मुलंबाळं असणार. त्यांना निरोप गेला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "पण बाई वीस वर्षांची होते आणि नाहीशीच होते. मेल्याची नोंद नाही, लग्नाची नाही."

त्यांना नवल वाटलं, मला नाही वाटलं. आमच्या सोनारांत, आणि कितीतरी घरांत, लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, वडलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि वर पहिलं नावही बदलतं. शाळेत न गेलेल्या मुलीचं जुनं नाव सासरच्या कुठल्याही कागदावर नसतं. तांदूळ गोळा केले की पुरावा संपला. वेलीत अशा बायका शेकड्यांनी आहेत. एक बाई मध्येच संपते आणि दुसरी विशीतच जन्मते.

पण मी त्या नावावरून नजर काढत नव्हते ते वेगळ्याच कारणानं. माझ्या सासूबाईंचं माहेर निंबदरी. आडनाव दहिवाळ. आणि या घरात येऊन एकोणतीस वर्षं झाली तरी त्यांचं माहेरचं नाव मी विचारलंच नव्हतं.

सासूबाईंचा घरात एकच कडक नियम होता. पाण्यात उतरायचं नाही. नदी नाही, विहीर नाही, तलाव नाही. 'आपल्याकडे चालत नाही' यापलीकडे कारण नाही. माझा नवरा मकरंद साठीला आला, अजून गुडघाभर पाण्यात गेलेला नाही. मी मात्र हट्टाला पेटले. ऋजुता आठ वर्षांची झाली तेव्हा तिला नगरपालिकेच्या तलावावर घेऊन गेले. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मी म्हटलं, नका जेवू. महिनाभरात पोरगी माशासारखी पोहायला लागली आणि मी शेजारीपाजारी सांगत सुटले, की आमच्या घरातली एक अंधश्रद्धा मी बुडवली. अगदी हाच शब्द वापरला होता मी.

ऋजुता आता पंचवीस वर्षांची आहे. नाशिकला नोकरी करते आणि रोज संध्याकाळी सहाला तलावावर जाते. पावणेपाच वाजले होते. मी फोन लावला. उचलला नाही. 'आज पोहायला जाऊ नकोस. लगेच फोन कर,' असं लिहून मी पर्स उचलली.

"घरी जातेय," मी डॉक्टरांना म्हटलं. "धोंडाबाई बहुतेक माझ्या घरीच आहे."

रिक्षातून आणखी चारदा फोन लावला. वाजत होता, कुणी घेत नव्हतं.

सासूबाई टीव्हीवर कबड्डी बघत होत्या. त्र्याऐंशीव्या वर्षीही त्यांना खेळाडूंची नावं पाठ आहेत. मी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

"आज काय विशेष?"

"सांगा ना."

"मंदाकिनी."

"ते इथलं झालं. माहेरचं?"

"टाकलं ते मी. ह्यांनी तांदळात मंदाकिनी लिहिलं तेव्हाच टाकलं. धोंडी म्हणून जन्मभर कोण हाक मारून घेईल?" त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. "आधीची दोन तान्हेपणीच गेली, म्हणून ठेवलेलं नाव ते. दगडाला काय कुणी नेत नाही म्हणून."

मी खाली बसले. 

"रंगनाथ आणि अशोक तुमचे भाऊ ना?"

त्यांनी टीव्ही बंद केला.

"कुणी सांगितलं तुला?"

"यंत्रानं."

"तुझ्या त्या यंत्राला दुसरे धंदे नाहीत."

"ते तापानं गेले, असं सांगायचात तुम्ही."

"वडलांनी सांगायला लावलं. आसरा लागणाऱ्या घरातली पोरगी कोण करणार होतं? मांडवात बसायच्या आधी शब्द घेतला माझ्याकडून. तुझ्या सासऱ्यांना मरेपर्यंत सांगितलं नाही मी." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "अशोकला मी बघत होते काठावरनं. कपडे धूत होते. हसत होता, वृंदा. हसता हसता खाली गेला. हातपाय मारले नाहीत, ओरडला नाही. असं कुणी बुडतं का? ओढलाच त्याला."

मी त्यांना पेन्सिलीच्या रेघेचं सगळं सांगितलं. वीज, ठोका, वारसा, पुण्याचा मुलगा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आसरा नाहीत," मी म्हटलं. "हृदयाचा दोष आहे."

"मग आम्ही काय वेगळं म्हणत होतो? पाण्यात उतरू नका, एवढंच तर म्हणत होतो." आवाज चढलेला नव्हता. "कारण आमचं चुकलं असेल. तुझं काय चुकलं ते बघ."

 मग मीच सांगून टाकलं, की यंत्रानं सात वर्षांपूर्वी विचारलं होतं आणि मी ते तोडलं होतं. खोटं वाटेल, पण हे मी मकरंदच्या आधी त्यांना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं,

"तो पुण्याचा पोरगा केवढा होता म्हणालीस?"

"सोळा."

"काशिनाथचा नातू." काशिनाथ म्हणजे मागे राहिलेला त्यांचा एकुलता भाऊ, सुरेखाचा बाप आणि तेजसचा आजोबा. "मला तर कळवलंही नाही कुणी. मीच जाणं-येणं तोडलं ना त्यांच्याशी. सुरेखा गेली तेव्हापासून."

"आई, काशिनाथमामांची बाकीची मुलं, नातवंडं, सगळ्यांना कळवायला हवं. पहिलं आपल्या घरापासून. तुमचं नाव त्या वेलीत जोडायला कागद लागतो, नाहीतर तुमच्या तोंडची साक्ष. कागद काही नाही."

"वडलांना शब्द दिलाय मी."

"माहीत आहे."

 खाली कुणीतरी स्कूटर लावायचा प्रयत्न करत होतं.

"लाव ते काय रेकॉर्ड करायचं ते," सासूबाई म्हणाल्या. पदर सारखा केला, जणू कोर्टात उभ्या आहेत. "मी धोंडाबाई शंकर दहिवाळ. राहणार निंबदरी. माझे दोन भाऊ डोहात गेले. आसरा म्हणा, काळीज म्हणा. माझ्या घरच्यांनी पाण्यात उतरू नये." मग मला विचारलं, "पुरे का?"

"पुरे."

साक्ष पाठवायला मी फोनकडे बघितलं आणि घड्याळ दिसलं. सहाला पाच कमी. ऋजुताचा फोन नाही, संदेश वाचल्याची खूणही नाही. पुन्हा लावला. पुन्हा. नाशिकच्या तलावाचा नंबर शोधायला गेले तर भलतीच अक्षरं उमटत होती. आठ वर्षांची ऋजुता डोळ्यांसमोर आली, पायरीवर उभी, माझ्याकडे बघत, आणि मी खालून म्हणतेय, 'मार उडी, काही होत नाही.' मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत सासूबाईंसमोर मी कधी रडले नव्हते.

"एवढी घाबरीघुबरी होऊ नको," त्या म्हणाल्या. "पोरगी पाण्यात नाहीये."

"तुम्हाला काय माहीत?"

"तिलाच विचार."

त्या आणखी काही बोलेनात. तोंड घट्ट मिटलं. शब्द पाळायची सवय त्यांना जुनीच होती. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मीटिंगमध्ये होते. काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"तू कुठे आहेस?"

"ऑफिसात. निघतेय आता."

"तलावावर जाऊ नकोस. ऐक माझं, आज नको, उद्याही नको. तुझा कार्डिओग्राम काढायचाय. घराण्यात एक दोष निघालाय, पोहताना..."

"आई," ती म्हणाली, "मी तलावावर जात नाही."

"म्हणजे?"

"चार वर्षं झाली. एकदा पोहताना डोळ्यांसमोर अंधार आला. काठाजवळ होते म्हणून कोचनं ओढून काढलं. दोन मिनिटं शुद्ध नव्हती म्हणे."

मी सासूबाईंकडे बघितलं.

"मी आजीला सांगितलं," ती म्हणाली. "आजीनं शपथ घातली. पाण्यात जायचं नाही आणि तुला सांगायचं नाही."

"पण तू रोज सांगतेस मला. आज इतक्या फेऱ्या मारल्या, पाणी गार होतं..."

"तुला बरं वाटायचं म्हणून."

"डॉक्टरकडे गेलीस?"

"नाही."

"उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं ये. धावायचं नाही, जिने भराभर चढायचे नाहीत, आणि सर्दीपडशाचीसुद्धा कुठलीच गोळी मनानं घ्यायची नाही, काही गोळ्यांनी ठोका आणखी बिघडतो. समजलं?"

"हो. आई, तू रडतेयस का?"

चार वर्षं ही मुलगी माझ्याशी रोज खोटं बोलत होती, आणि मी फोन ठेवून खुशाल झोपत होते. राग यायला हवा होता. त्याच खोट्यावर ती जिवंत होती. सासूबाईंनी टीव्ही पुन्हा लावला होता, पण आवाज बंद ठेवला होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"ऋजू," मी विचारलं, "आजीला सांगितलंस ते ठीक. मला का नाही सांगितलंस?"



"तू म्हणाली असतीस, भीती मनात असते, पुन्हा उतर."

नाही ग, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण मी तेच म्हणाले असते. अगदी याच शब्दांत. आणि ती माझी गुणाची पोर, माझं ऐकून उतरली असती.